‘आमचं मशीन रंग बघत नाही’

माझ्या डाव्या मनगटावर तव्याचा एक डाग आहे. गौरींच्या पुरणपोळ्या लाटता-भाजताना बसलेला साधा चटका. खपली आठवडाभरात पडली, पण बोटभर लांबीचा काळा पट्टा पुढच्या मार्चपर्यंत तसाच होता. त्याच मार्चमध्ये मी पुण्यातल्या एका स्किन क्लिनिकमध्ये ४२,००० रुपये भरून दोन्ही गालांवर लेझर करून घेतलं. तिथल्या एकानेही त्या मनगटाकडे बघितलं असतं, तर हे लिहायची वेळ आली नसती.

मला कॉलेजात भयंकर मुरुमं यायची, आणि ती नखाने फोडायची सवय होती. त्याचे खड्डे गालांवर राहिले. मी सांगलीत एका पतसंस्थेत काउंटरला बसते. समोरचा माणूस पासबुकाकडे कमी आणि माझ्या गालांकडे जास्त बघतोय, असं मला कायम वाटायचं. धाकट्या भावाचं लग्न मे महिन्यातलं ठरलं आणि पुण्याची नणंद म्हणाली, "वहिनी, तुम्ही एकदा याच माझ्यासोबत. माझे गाल बघा की." तिचे गाल खरंच छान झाले होते. म्हणजे मला जाळ्यात ओढायला कुठली जाहिरात लागली नाही, घरातलंच उदाहरण समोर होतं.

आता नणंद गोरी. उन्हात गेली की तिचं नाक आधी लाल होतं, मग थोडं काळवंडतं. मी लाल वगैरे होत नाही, थेट काळी होते. हा फरक सासरच्या मंडळींनी मला लग्नातच सांगून ठेवला होता, तोही मोठ्याने. पण लेझरशी त्याचा काही संबंध असेल, असं मनात आलं नाही.

तरी मी विचारलं होतं, हे नमूद करते. काउन्सेलर म्हणून बसलेल्या मुलाला म्हटलं, "मी सावळी आहे, मला चालेल ना हे?" तो हसला. "मॅडम, आमचं मशीन रंग बघतच नाही. केस काढायचं लेझर काळा रंग शोधतं, ते सावळ्यांना भाजू शकतं. हे सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचं लेझर आहे, हे फक्त पाणी शोधतं." इतकं शास्त्रोक्त उत्तर मिळाल्यावर पुढे काय विचारणार? चार सिटिंगचे ५६,०००, आज भरले तर ४२,०००. कार्डावर नऊ हप्ते करून दिले.

चेहऱ्याला बधिर करणारं मलम थापून झाल्यावर, चष्मा काढलेला असताना, हातात इंग्रजी फॉर्म दिला. मला अक्षर दिसेना. म्हणून मी त्याचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला की, वाचून सांगा. तो मीटिंगमध्ये होता. मी सही केली. त्या फोटोने पुढे माझी लाज राखली.

डॉक्टर मॅडम दोन मिनिटं डोकावून गेल्या. लेझर मारलं ते एका मुलीने, गालावर छोटे छोटे चौकोन शेजारी शेजारी उमटवत. जळक्या केसांसारखा वास आला. जाताना एक मलम दिलं आणि "दोन दिवस ऊन टाळा" म्हणून सांगितलं. मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवसापासून नेहमीसारखी स्कूटीवरून ऑफिसला, सांगलीच्या मार्चमधल्या उन्हात.

पहिल्या आठवड्यात कॉफीच्या भुकटीसारखे बारीक ठिपके आले आणि गळून गेले. खाली गुलाबी त्वचा दिसली तेव्हा मी खुशीत होते. तिसऱ्या आठवड्यात गाल काळवंडायला लागले, आणि तेही सरसकट नाही, चौकोनांत. गणिताची वही कुणी गालावर दाबून धरावी तसे. फोन केला तर "हीलिंगचा भाग आहे मॅडम". फोटो पाठवला तर "तुमची स्किन सेन्सिटिव्ह निघाली, पील करून घ्यावं लागेल, ६,००० रुपये सिटिंग". हे सांगायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते, पण मी ते पीलही, म्हणजे रसायन लावून वरची त्वचा सोलणं, करून घेतलं. चिघळलेल्या त्वचेवर आणखी जळजळ. चौकोन अजून गडद झाले. लग्नात मेकअपवाल्या ताईंनी थरावर थर चढवले, तरी मावशी मांडवातच म्हणाली, "उन्हात कुठं राबायला गेली होतीस गं?"

जूनमध्ये मिरजेच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी चेहऱ्याआधी माझे हात उलटसुलट करून बघितले. मनगटावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा चटका कधीचा?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तुमच्या गालांचं काय होणार हे इथं लिहिलेलंच होतं की."

मग त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. त्वचेचे सहा प्रकार मानतात. फिट्झपॅट्रिक नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९७५ मध्ये ही पद्धत काढली. मूळ हेतू लेझरचा नव्हताच. गोऱ्या लोकांना अतिनील किरणांचे उपचार देताना कुणाला किती मात्रा सोसेल हे ठरवायचं होतं. सावळ्या आणि काळ्या त्वचेचे पाचवा-सहावा हे प्रकार नंतर जोडले गेले. पहिल्या प्रकारचा माणूस उन्हात नुसता भाजतो, काळवंडत नाही. सहाव्याचा सहसा भाजतच नाही. आपल्याकडची बहुतेक माणसं चौथ्या-पाचव्यात बसतात. मी पाचवी, नणंद तिसरी.

आणि तो काउन्सेलर खोटं बोललाच नव्हता, इथेच खरी मेख आहे. सीओटू लेझर पाणीच शोधतं. त्वचेच्या पेशींतल्या पाण्याची वाफ करून ते वरचा थर जाळतं, म्हणजे मुद्दाम जखम करतं, आणि ती भरताना नवी त्वचा येते. मशीन रंग बघत नाही हे खरं. पण जखम भरणारी त्वचा माझी आहे, आणि ती रंग विसरत नाही. सावळ्या त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी जास्त तत्पर असतात. भाजणं असो, मुरूम असो की डास चावणं असो, दाह झाला की त्या रंग ओततात. दाह जितका मोठा तितका डाग मोठा, आणि वर ऊन मिळालं की विचारूच नका.

म्हणजे सावळ्यांना लेझर वर्ज्यच का, असं मी विचारलं. तसं नाही म्हणाल्या. फ्रॅक्शनल पद्धतीत लेझर ठिपक्या-ठिपक्यांनी मारतात आणि मधली त्वचा शाबूत ठेवतात. आमच्यासारख्यांना ते ठिपके विरळ ठेवायचे, ऊर्जा कमी, सिटिंग जास्त, मधलं अंतर लांब. आधी काही आठवडे सनस्क्रीन आणि तयारीची औषधं, कानापाशी छोट्या जागेवर चाचणी, आणि अंग उन्हाने रापलेलं असताना नाहीच. वांग आहे का, जखमेचे वण फुगून वाढतात का, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत का, ओठांवर हर्पिसच्या पुळ्या उठतात का, हे सगळं आधी विचारायचं. मला यातलं एकही विचारलं नव्हतं. शिवाय माझे बरेचसे खड्डे पसरट होते. त्यांच्या खालचे ताठर धागे सुईने सोडवले किंवा मायक्रोनीडलिंग, म्हणजे बारीक सुयांनी टोचणं, केलं तरी फरक पडला असता, आणि त्यात डागाचा धोका लेझरपेक्षा कमी.

घरी येऊन मी क्लिनिककडे माझे कागद मागितले. डॉक्टरने रुग्णाचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत द्यायचे असा नियम आहे. मला १९ व्या दिवशी मिळाले, तेही तीनदा मेल करून. फॉर्मवर ‘त्वचेचा प्रकार’ या चौकटीत ‘३’ लिहिलेलं. माझ्या फोनमधल्या फोटोत तीच चौकट, माझ्या सहीच्या आधी, रिकामी. गोळ्यांच्या आणि वणांच्या रकान्यांतही ‘नाही’ अशा खुणा नंतर उगवलेल्या. मग नणंदेने तिचं कार्ड शोधून काढलं. ऊर्जेचा आकडा आणि ठिपक्यांची घनता, दोघींची अगदी एक. तिसऱ्या प्रकाराची गोरी बाई आणि पाचव्या प्रकाराची मी, एकाच मापाचा झगा शिवला होता. नणंद बिचारी रडली. तिचा काय दोष?

डॉक्टर मॅडमचा नोंदणी क्रमांक ना भिंतीवर होता ना प्रिस्क्रिप्शनवर, खरं तर दोन्हीकडे असायला हवा. दारावरच्या पाटीत ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ लिहिलेलं. त्वचेच्या डॉक्टरच्या पाटीवर एमडी, डीव्हीडी किंवा डीएनबी अशी पदवी दिसते आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नाव शोधता येतं. मी ते हप्ते फेडायला लागल्यावर शोधलं. सापडलं नाही.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, मग वकिलामार्फत नोटीस पाठवली, सोबत फॉर्मचे दोन्ही फोटो, आधीचा रिकामा आणि नंतरचा भरलेला. आठवड्यात फोन आला. उरलेल्या तीन सिटिंगचे ३१,५०० आणि पीलचे ६,००० परत देऊ, फक्त ‘तक्रार नाही’ या कागदावर सही करा आणि पाच तारे द्या. मी पैसे घ्यायला तयार होते, सही द्यायला नाही. त्यामुळे प्रकरण आता जिल्हा ग्राहक आयोगात आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. ज्यांचं असं काही झालंय त्यांनी आधी कागद मागा, मग भांडा. भांडण झाल्यावर कागद बदलतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

चौकोन आता फिके झालेत. रोज रंगीत सनस्क्रीन, रात्री मलम, स्कूटीवर ओढणी. आठ महिने लागले. मिरजेच्या बाईंनी परवा कानापाशी, केसांच्या आत, नखाएवढ्या जागेवर चाचणी घेतली आणि तारीख कार्डावर लिहिली. आठ आठवड्यांनी या म्हणाल्या. मी आरशात बघते ते आता गाल नाहीत, तेवढा नखाएवढा तुकडा, आणि मधूनमधून मनगट.