श्रीलंका की व्हिएतनाम? पहिल्यांदाच सॅक उचलून निघणाऱ्या मुंबईकरासाठी

आमच्या ट्रेक ग्रुपमधली दोन पोरं सध्या याच प्रश्नावर अडकलीयेत. हातात ५०-६० हजार, सुट्टी बॉस देईल तेवढी, थायलंड नको कारण तिथे सगळेच जातात, मग उरले हे दोन. मी दोन्हीकडे स्वस्तात फिरून आलोय आणि दोन्ही आवडलेत, पण "व्हिएतनाम लय स्वस्त रे" एवढ्या एका वाक्यावर लोक तिकीट काढतात ना, तिथे घोळ होतो.

स्वस्त आहे, खोटं नाही. हनोईच्या ओल्ड क्वार्टरमध्ये डॉर्मचा बेड ५००-७०० रुपयांत मिळून जातो. लंकेत तसाच बेड जरा महाग पडतो, पण तिथलं गेस्टहाऊस म्हणजे बहुतेक वेळा कुणाच्या तरी घराची वरची खोली, दोघं असाल तर डॉर्मपेक्षा तीच बरी पडते. पण खरा फरक राहण्याखाण्यात नाहीचे, तो हलण्यात आहे. व्हिएतनाम उभा लांबलचक देश, हनोई ते हो ची मिन्ह सिटी रेल्वेने १७२६ किलोमीटर, आपल्या मुंबई-दिल्लीहून जास्त. दहा दिवसांत वरून खाली सगळं करायचं म्हटलं की एकतर रात्रीच्या स्लीपर बसमध्ये पाय मुडपून झोपा नाहीतर मधे दोन विमानं पकडा, आणि मग डॉर्ममध्ये वाचवलेले पैसे तिकडे जातात. लंका एवढीशी, पण तिथेही नकाशावरच्या अंतरावर जाऊ नका, घाटातली बस आरामात चालते, १०० किलोमीटरला चार तास धरा.

आणि लंकेतल्या ट्रेन. कोलंबो फोर्टहून गॉलला जाणारी गाडी समुद्राला एवढी खेटून जाते की आपली विरार लोकल कुणीतरी उचलून मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर ठेवलीये असं वाटतं, दारं उघडी, लोक लटकलेले, शेंगदाणे आणि वडे विकणारे चढतायत उतरतायत. डोंगरातली कँडी-एला गाडी सहा-सात तासांची, तिचं रिझर्व्हेशन महिनाभर आधी उघडतं आणि लगेच संपतं, मग एजंट तेच तिकीट तिप्पट-चौपट भावाला विकायला येतात. घेऊ नका. विनारिझर्व्हेशनच्या डब्याचं तिकीट त्याच दिवशी खिडकीवर मिळतं, आपल्या शे-दोनशे रुपयांचं काम, आणि ज्याने सकाळी आठला दादरला चढून दाखवलंय त्याला त्या गर्दीत काय होणारे. फक्त निघण्याआधी लाइन चालू आहे का ते बघा, दरड कोसळली की ती बराच काळ बंद राहू शकते, मग बसशिवाय इलाज नाही.

व्हिएतनामचं उत्तर म्हणजे बाइक. उत्तरेला चीनच्या हद्दीला लागून "हा जियांग" नावाचा डोंगराळ भाग आहे, तिथे गोल फिरून परत येणारा तीन-चार दिवसांचा लूप आहे, खाली दरी आणि वर चुनखडीचे सुळके, मी एवढा रस्ता आजवर कुठे पाहिला नाही. पण इथे एक गोम आहे जी बाइक भाड्याने देणारा सांगत नाही. आपल्याकडे आरटीओतून जे इंटरनॅशनल परमिट मिळतं ते १९४९ च्या आंतरराष्ट्रीय रस्ते वाहतूक कराराखालचं, व्हिएतनाम मानतो १९६८ च्या कराराचं. म्हणजे तुमचा कागद तिथे रद्दी. पोलिसांनी धरलं तर दंड, आणि पडलात तर इन्शुरन्सवाले हात वर करणार, हे जास्त वाईट. त्यापेक्षा तिथलाच चालवणारा घ्यावा आणि मागे बसावं, खर्च वाढतो पण दरीकडे बघता तरी येतं. लंकेतसुद्धा आपल्या लायसन्सवर वेगळं परमिट काढावं लागतं, पण तिथे बस-ट्रेनवर सगळं भागतं त्यामुळे मी त्या भानगडीत पडलोच नाही.

खाण्याचं बोलायचं तर मासे-मटण खाणाऱ्याने हा परिच्छेद सोडून द्यावा. शाकाहारी असाल तर लंका सोपी, राइस अँड करीच्या ताटात नारळाच्या दुधातली मसूर डाळ, कोवळ्या फणसाची भाजी (कोकणातली कुयरीच, फक्त काळी आणि झणझणीत), दोन-तीन भाज्या येतातच. पण ती लाल खोबऱ्याची चटणी, पोल सांबोल, दिसते अगदी आपल्या घरची आणि तिच्यात बऱ्याचदा सुक्या माशाचा चुरा असतो. माझ्या बरोबरचा मित्र पक्का शाकाहारी, त्याने तीन दिवस ती वाटी चाटूनपुसून खाल्ली, चौथ्या दिवशी मालकिणीने पाट्यावर काय वाटते ते दाखवलं. त्यानंतर तो जेवायच्या आधी "मालु नॅतुव", म्हणजे माशांशिवाय, एवढं बोलायला शिकला. व्हिएतनाममध्ये "चाय" लिहिलेली पाटी शोधा, चहा नाही, तिकडे चाय म्हणजे शाकाहारी. अमावस्या-पौर्णिमेला तिथले बरेच बौद्ध लोक चाय जेवतात तेव्हा चॉइस भरपूर असतो, बाकी दिवशी साध्या दुकानात नुसती भाजी मागितली तरी वरून फिश सॉस पडतोच.

पैशांत लंका सोपी, एक आपला रुपया म्हणजे तिथले साडेतीनच्या आसपास, आणि २०२४ पासून काही दुकानांत यूपीआयसुद्धा चालतं, बस आणि टपरीला मात्र रोकड लागतेच. व्हिएतनामला रुपयाला ३००च्या आसपास डोंग, त्यामुळे पहिले दोन दिवस आपण करोडपती. तिथली २०,००० ची आणि ५,००,००० ची नोट दोन्ही निळसर. मी रात्री एका नारळवाल्या काकूंना वीसऐवजी पाच लाखाची दिली होती, काकू भल्या म्हणून हाक मारून परत केली. तेव्हापासून ती मोठी नोट वेगळ्या खिशात. उलट लंकेत तिकिटं खिसा कापतात, सिगिरियाच्या कातळकिल्ल्याला परदेशी माणसाला ३५ डॉलरच्या आसपास, आपल्याला सार्कमुळे कमी पण तरी जड. समोरच्या पिदुरंगला डोंगरावर चढा, थोडक्यात काम होतं, आणि सिगिरियाचा फोटो तिथूनच चांगला येतो, सिगिरियावर उभं राहून सिगिरिया कशी दिसणार.

आता महिना, आणि माझ्या मते ठरवायचं ते यावरच. मे मध्ये लंकेच्या नैऋत्य किनाऱ्यावर आपल्यासारखाच पाऊस सुरू होतो, मिरिस्सा-गॉल विसरा, पण तेव्हाच पूर्वेला त्रिंकोमाली आणि अरुगम बे कोरडे असतात. डिसेंबर-जानेवारीत बरोबर उलटं. दिवाळीच्या सुट्टीत लंकेत दोन्हीकडे पावसाची भीती आणि व्हिएतनामच्या मधल्या भागातही, होई आनला तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात रस्त्यात नावा चालतात, पण उत्तर व्हिएतनाम तेव्हाच मस्त. जानेवारीत हनोईला स्वेटर लागतो, हे कुणी सांगत नाही आणि लोक हाफ पँटवर उतरतात. शिवाय जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत त्यांचं नववर्ष, तेत, येतं, त्या आठवड्यात दुकानं बंद, गाड्या फुल, नकोच.

व्हिसाचं फार नाही. व्हिएतनामचा ई-व्हिसा २५ डॉलर, ९० दिवसांपर्यंत मिळतो, सरकारी साइटवरूनच काढा, तशाच दिसणाऱ्या साइट्स जास्त पैसे घेतात. लंकेचा ईटीए, म्हणजे जायच्या आधी काढायची प्रवासाची परवानगी, ऑनलाइन, फीचे नियम बदलत राहतात म्हणून जायच्या आधी तपासा. मुंबईहून कोलंबो अडीच तास, हनोई पाचेक तास, त्यामुळे लंकेला शुक्रवारी रात्री ऑफिसातून निघालं तरी शनिवार वाया जात नाही.

आमच्यातल्या शाकाहारी पोराचं मेमधलं त्रिंकोमाली ठरलंय, आठ दिवस. दुसऱ्याला दिवाळीत बारा दिवस मिळतायत, त्याला मी सांगितलंय की हो ची मिन्ह सिटीचं नाव काढू नको, हनोई, निन्ह बिन्ह, हा जियांग, बस, आणि बाइकवर मागेच बस. मागे बसण्यावरून अजून त्याचं तोंड वाकडंच आहे.