पिप, कोंडा की यूव्ही? पायथन प्रकल्पासाठी काय निवडावं

डेबियन १२ किंवा उबंटू या लिनक्स यंत्रणांच्या अलीकडच्या आवृत्तीवर पायथनची पॅकेजं (इतरांनी लिहिलेला तयार कोड) बसवायला थेट ‘पिप इन्स्टॉल’ चालवलं, की टर्मिनल नकार देतं. या यंत्रणेतलं पायथन अ‍ॅप्ट (यंत्रणेचं स्वतःचं पॅकेज बसवणारं साधन) सांभाळतं, वेगळं एन्व्हायर्न्मेंट (प्रकल्पापुरती वेगळी ठेवलेली पॅकेजांची जागा) करा, असं सांगतं. त्याच संदेशात ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ नावाची पळवाटही दिसते. घाईत असलेला माणूस ती लावतो आणि काम होतं. कृपया ती लावू नका. डेबियन-उबंटूची स्वतःची बरीच साधनं त्याच पायथनवर चालतात. त्यांच्या खालची लायब्ररी बदलली, तर बिघाड कुठे दिसेल ते सांगता येत नाही.

मग वेगळं एन्व्हायर्न्मेंट कशानं करायचं? साधनं डझनभर आहेत, पण नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं तीनच पाहावीत. आणि त्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: माझ्या कामाला पायथनच्या बाहेरचं काय लागतं?

वेब अ‍ॅप, स्क्रिप्ट, डेटाबेसशी बोलणारी सेवा यांना सहसा काहीच लागत नाही. तिथे पॅकेजं बसवणारं पिप आणि एन्व्हायर्न्मेंट करणारं व्हेन्व ही जोडी पुरते. पिप २००८ पासून आहे आणि २०१४ च्या पायथन ३.४ पासून पायथनसोबतच येतं. (डेबियन-उबंटूवर मात्र व्हेन्वचं पॅकेज अ‍ॅप्टनं वेगळं घ्यावं लागतं.) शिकणाऱ्यांना मी अजूनही इथूनच सुरुवात करायला सांगतो. एन्व्हायर्न्मेंट म्हणजे शेवटी एक फोल्डर, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढची सगळी साधनं समजतात. अडचण येते सहा महिन्यांनी. बसवलेल्या पॅकेजांच्या, ‘पिप फ्रीझ’नं काढलेल्या यादीत आपण मागितलेली पॅकेजं आणि त्यांच्यामागून आलेली पॅकेजं एकाच रांगेत बसतात. कुठलं कोणामुळे आलं, ते कळत नाही. लिनक्सवर केलेली यादी विंडोजवर तशीच चालेल याचीही खात्री नाही. पायथनची आवृत्ती तर पिप बदलूच शकत नाही.

कोंडा २०१२ मध्ये आलं ते नेमक्या उलट्या टोकाकडून. सी आणि फोर्ट्रान या भाषांमधल्या लायब्रऱ्या संशोधकांच्या यंत्रांवर कंपाइल होत नव्हत्या, म्हणून कोंडानं पायथनलाच इतरांसारखं एक पॅकेज मानलं. नकाशांचं काम करणाऱ्यांचा जीडाल घ्या, म्हणजे नकाशांचा डेटा वाचणारी-लिहिणारी लायब्ररी. पिपनं त्याचं बाइंडिंग (पायथनमधून ती लायब्ररी वापरू देणारा दुवा) बसवायला गेलं, की यंत्रावर आधीपासून बसवलेल्या जीडालच्या आवृत्तीशी ते जुळवत बसावं लागतं. कोंडा मूळ लायब्ररी आणि बाइंडिंग दोन्ही जुळवूनच आणतं. आर ही सांख्यिकीची भाषा आणि पायथन एकाच एन्व्हायर्न्मेंटमध्ये हवे असतील, तरीही कोंडाच सोयीचं. पूर्वी कोंडा आवृत्त्यांचा मेळ घालण्यात बराच वेळ घालवायचं. २०२३ मध्ये मांबा प्रकल्पातला, हा मेळ घालणारा वेगवान सॉल्व्हर त्यात मूळचाच झाला आणि ती तक्रार बरीच निवळली.

कोंडा घेणाऱ्यांनी दोन गोष्टी मात्र आधीच पाहाव्यात. कोंडा हे साधन मुक्त आहे, पण अ‍ॅनाकोंडा कंपनीच्या मूळ चॅनेलला (पॅकेजं जिथून येतात त्या साठ्याला) अटी आहेत. २०० हून अधिक माणसांच्या कंपनीला त्यासाठी पैसे मोजावे लागतात. त्यामुळे समाजानं चालवलेल्या कोंडा-फोर्ज चॅनेलवरून पॅकेजं घेणारं मिनीफोर्ज, म्हणजे कोंडाचंच एक रूप, बसवावं. दुसरं म्हणजे एकाच एन्व्हायर्न्मेंटमध्ये कोंडा आणि पिप आळीपाळीनं चालवू नका. आधी कोंडाचं सगळं, शेवटी उरलेलं पिपनं. पिपनं केलेले बदल कोंडा नीट हिशेबात धरत नाही, आणि अशी विस्कटलेली एन्व्हायर्न्मेंट दुरुस्त करण्यापेक्षा पुसून नवी करणं मला दरवेळी स्वस्त पडलं आहे.

यूव्ही सगळ्यात नवं, अ‍ॅस्ट्रल कंपनीनं फेब्रुवारी २०२४ मध्ये आणलेलं, रस्ट या भाषेत लिहिलेलं. वेग लगेच जाणवतो, पण मला त्याहून मोलाची वाटते त्याची लॉक फाइल, म्हणजे कुठलं पॅकेज कुठल्या आवृत्तीचं ते पक्कं लिहून ठेवणारी फाइल. लिनक्स, मॅक, विंडोज तिन्हींसाठी एकच फाइल, नेमक्या आवृत्त्या आणि हॅशसकट (पॅकेज बदललेलं नाही हे तपासायचा ठसा). ती गिटमध्ये ठेवली, की सहकाऱ्यानं ‘यूव्ही सिंक’ एवढंच म्हणायचं. हवी ती पायथन आवृत्तीसुद्धा ते स्वतः उतरवून घेतं. शिवाय पॅकेजं एका सामाईक साठ्यातून जोडली जातात. पायटॉर्चसारखं अवजड पॅकेज पाच प्रकल्पांत असलं, तरी डिस्कवर सहसा पाच पट जागा जात नाही. छोट्या एसएसडीच्या लॅपटॉपवर हा फरक मोठा आहे.

मात्र पायथनबाहेरच्या लायब्रऱ्या यूव्हीही आणत नाही. तेही पिपसारखं पायपीआय या पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारातूनच घेतं, म्हणून जीडालची अडचण इथेही तशीच राहते.

एका कंपनीच्या साधनावर विसंबायचं का, ही शंका रास्त आहे. परवाना एमआयटी आणि अपाची, दोन्ही मुक्त, म्हणजे कोड समाजाकडे राहतो. आणि आपण मागितलेल्या पॅकेजांची यादी ‘पायप्रोजेक्ट डॉट टॉमल’ या प्रमाणित फाइलमध्ये असते, जी पिपलाही वाचता येते. उद्या यूव्ही सोडलं, तरी प्रकल्पाची मांडणी पुन्हा करावी लागणार नाही. पायथन समाजानं हे मानक ठरवायला काही वर्षं घालवली, त्याचा हा थेट फायदा.

आज नवा प्रकल्प सुरू करत असाल तर यूव्ही घ्या. नकाशे, जैवमाहिती, आरची जोड असेल तर मिनीफोर्ज. वर्गात शिकवायचं असेल तर पिप आणि व्हेन्व. आणि जुना प्रकल्प पिपवर नीट चालत असेल, दुसऱ्या यंत्रावरही उभा राहत असेल, तर तो या आठवड्यात हलवायची काहीच गरज नाही.