वाचनतक्ता धरून आठ महिने उपदेश: माझा अनुभव

मी पाळक नाही. नोकरी सांभाळून नागपुरातल्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत महिन्यातून दोनदा वचन सांगतो. पूर्वी आवडीचे चार-पाच उतारे होते, तेच आलटून पालटून चालायचे. गेल्या आगमनकाळापासून, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांपासून, 'रिव्हाइज्ड कॉमन लेक्शनरी'चा तक्ता धरला. कोणत्या रविवारी बायबलातला कोणता उतारा वाचायचा, हे तो ठरवून देतो. १९९२चा, तीन वर्षांच्या फेऱ्याचा. यंदाचं वर्ष मत्तयाच्या शुभवर्तमानाचं. सदर भागात झेरॉक्स काढली आणि घडी करून बायबलात ठेवली.

पहिली फजिती नावावरूनच झाली. ग्रुपवर 'प्रकटीकरणानंतरचा दुसरा रविवार' असं टाकलं, तर दोघं जण बायबलचं शेवटचं पुस्तक उघडून बसले, कारण त्याचंही नाव 'प्रकटीकरण'. तेव्हापासून मी सरळ 'एपिफनी' लिहितो. ६ जानेवारी, बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या मागी लोकांचा (पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांचा) सण, हे सगळ्यांना कळतं.

त्या रविवारी, १८ जानेवारीला, योहान १:२९-४२ होतं. एरवी मी 'देवाचा कोकरा' इथेच थांबलो असतो. तक्त्याने पुढे ढकललं, तेव्हा ३९वं वचन पहिल्यांदा नीट वाचलं. दोन शिष्य येशूचा मुक्काम बघायला जातात आणि लिहिणारा वेळसुद्धा टिपतो: दहावा तास, म्हणजे दुपारचे चार. त्या वेळेवरच अख्खा उपदेश झाला.

१ फेब्रुवारीला मत्तय ५:१-१२. 'जे आत्म्याने दीन ते धन्य' वाचताना समोरचे चेहरे आक्रसलेले दिसले. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ला लाखोंनी मान ताठ केली, तिथे 'दीन' शब्द कानाला टोचणारच. मी दहा मिनिटं त्या एका शब्दावर घालवली: दीन म्हणजे लाचार नव्हे, देवापुढे रिकामे हात घेऊन उभा राहिलेला माणूस. पटलं का? अर्ध्यांना.

पुढच्या रविवारी मीठ. मी मोठ्या झोकात 'खाल्ल्या मिठाला जागा' सांगत सुटलो. उपासना संपल्यावर एका आजीनं दारात गाठलं. "भाऊ, आपुन मीठ खाल्लं म्हनता, का आपुनच मीठ आहो?" बरोबर होतं तिचं. येशू 'तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात' म्हणतो. मी मात्र मालक-चाकराची गोष्ट सांगून आलो होतो. मराठीतली म्हण जिभेवर आयती येते आणि उताऱ्याला भलतीकडे नेते. आता तयारी करताना अशी म्हण सुचली की वहीत तिच्यापुढे आधी प्रश्नचिन्ह काढतो.

तक्त्याबद्दल तक्रार एकच, पण मोठी. ईस्टर ५ एप्रिलला आल्यामुळे राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, १८ फेब्रुवारीलाच आला. त्याआधीचा रविवार नेहमी येशूच्या रूपांतराचा, मत्तय १७. त्यामुळे एपिफनीनंतरचे मधले दोन रविवार गळाले आणि त्यांच्याबरोबर मत्तय ५:२१-४८ सुद्धा. म्हणजे दुसरा गाल पुढे करणं आणि शत्रूवर प्रीती करणं, दोन्ही यंदा नाहीत. डोंगरावरच्या प्रवचनातला सर्वांत अवघड भाग कॅलेंडरने सोडून द्यावा, हे मला झेपलं नाही. मार्चमध्ये घरच्या प्रार्थनासभेत तो वेगळा घेतला. माणसं कमी होती, पण भांडण चांगलं झालं.

बाकी, तयारीचा वेळ वाढलाय. शनिवारी रात्री बसून भागत नाही, बुधवारीच उतारा वाचावा लागतो. बायको म्हणते, उपदेश मात्र पाच मिनिटांनी कमी झालाय.

२९ नोव्हेंबरपासून मार्कचं वर्ष लागेल. त्याची झेरॉक्स काढून ठेवली आहे, या वेळी मोठ्या अक्षरात.