डिग्रीनंतरचं वर्क परमिट: कॅनडा, अमेरिका, ब्रिटन की जर्मनी?

मास्टर्ससाठी देश निवडताना आधी फी बघितली जाते, मग रँकिंग. डिग्रीनंतर तिथे किती दिवस काम करता येतं, हे शेवटी, तेही एका आकड्यात: कॅनडा तीन वर्षं, ब्रिटन दोन, जर्मनी दीड, अमेरिका एक किंवा तीन. आकडे बरोबर आहेत, पण नुसत्या त्यांच्यावर देश ठरवू नये असं माझं ठाम मत आहे. ती मुदत संपताना पुढच्या परवान्यासाठी काय लागेल आणि त्यातलं तुमच्या हातात किती असेल, हे आधी बघा.

कॅनडा

मुदत आणि मोकळीक दोन्ही पाहिली तर कॅनडाचं परमिट, म्हणजे पीजीडब्ल्यूपी, उजवं आहे. कुठल्याही कंपनीत, कुठल्याही क्षेत्रात काम करा. फेब्रुवारी २०२४ पासून मास्टर्स किमान ८ महिन्यांचं असलं तरी तीन वर्षं मिळू शकतात. डिप्लोमासारखा कोर्स दोन वर्षांहून लहान असेल तर परमिटही कोर्सइतकंच. आणि ते आयुष्यात एकदाच मिळतं. म्हणून एक वर्षाच्या डिप्लोमावर ते घेऊन टाकलं, की नंतर केलेल्या मास्टर्सला काही उरत नाही.

१ नोव्हेंबर २०२४ पासून अर्जासोबत भाषापरीक्षेचा निकाल जोडावा लागतो, सीएलबी या कॅनडाच्या भाषापातळीच्या मोजपट्टीवर विद्यापीठाच्या डिग्रीला सीएलबी ७ आणि इतर बहुतेक कोर्सेसना सीएलबी ५. अर्जाला १८० दिवस असतात. हे दिवस दीक्षान्त समारंभापासून मोजायचे नसतात. कोर्स पूर्ण झाल्याचं संस्थेने पत्राने किंवा गुणपत्रिकेने कळवलं, की मोजणी सुरू होते. समारंभ दोन-चार महिन्यांनी असतो आणि तोवर थांबणारे उगाच अडचणीत येतात. शिवाय पासपोर्टची मुदत आधी संपत असेल तर परमिटही तिथवरच मिळतं, त्यामुळे नूतनीकरण आधी उरकून घ्या.

पुढची वाट एक्स्प्रेस एन्ट्रीची, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या अर्जाची. कौशल्याच्या कामाचा वर्षभराचा, म्हणजे १,५६० तासांचा अनुभव झाला की अर्ज करता येतो, पण निवड गुणांवर होते. मार्च २०२५ पासून नोकरीच्या ऑफरचे जादा गुण बंद झाले आणि वयाचे गुण तिशीपासून घटू लागतात. तरीही इंग्रजीचा निकाल सुधारणं, फ्रेंच शिकणं, अनुभव वाढवणं या गोष्टी स्वतःला करता येतात. मला हीच कॅनडाची मोठी जमेची बाजू वाटते.

अमेरिका

इथे नेमकं उलटं आहे. ओपीटी, म्हणजे डिग्रीनंतर काम करण्याची परवानगी, १२ महिन्यांची, स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयाची डिग्री असेल तर आणखी २४ महिने. अर्ज कोर्स संपण्याआधी ९० दिवसांपासून नंतरच्या ६० दिवसांपर्यंत करता येतो, मात्र कॉलेजच्या डीएसओने (परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणारा अधिकारी) सेविस या सरकारी नोंदप्रणालीत शिफारस नोंदवल्यावर ३० दिवसांच्या आत तो पोचायला हवा. मिळालेल्या परवान्याच्या कार्डावर सुरुवातीची जी तारीख असते, तिथून बेकारीचे दिवस मोजले जातात. पहिल्या वर्षात एकूण ९० दिवसांची सूट, स्टेमची मुदतवाढ धरून १५०. शिकत असताना पूर्णवेळ सीपीटी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेलं काम, १२ महिने केली तर त्या पदवीच्या पातळीची ओपीटी जातेच, हे इंटर्नशिपच्या उत्साहात विसरलं जातं.

स्टेमच्या मुदतवाढीसाठी कंपनी ई-व्हेरिफायमध्ये, म्हणजे कामाची पात्रता तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेत, नोंदलेली असावी लागते. त्यापुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा, ज्याच्या वर्षाला ८५,००० जागा आणि अर्ज त्याहून कितीतरी जास्त, म्हणून निवड लॉटरीने. २०२६ पासून वरच्या पगारश्रेणीच्या अर्जांना निवडीत झुकतं माप आहे, म्हणजे नवख्यांची संधी आणखी आकसते. काम उत्तम असेल, कंपनी खूश असेल, तरी निवडीत नाव आलं नाही तर इलाज नाही. स्टेमवाल्यांना तीन वर्षांत पुन्हा प्रयत्न करता येतात. इतरांना बहुधा एकच. माझा सल्ला स्पष्ट आहे: विषय स्टेममध्ये नसेल आणि शिक्षणासाठी मोठं कर्ज काढायचं असेल, तर अमेरिकेच्या भरवशावर ते काढू नका.

ब्रिटन

मिळायला सर्वांत सोपं. नोकरी नको, स्पॉन्सर नको. विद्यापीठाने कोर्स पूर्ण झाल्याचं गृहखात्याला कळवल्यावर, स्टुडंट व्हिसा संपायच्या आत, ब्रिटनमध्ये असतानाच अर्ज करायचा. पण १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळणार (पीएचडीला तीन वर्षं कायम), आणि मुदतवाढ नाही. व्हिसाच्या फीवर आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, तोही सगळा आगाऊ. त्यानंतरच्या स्किल्ड वर्कर व्हिसाला स्पॉन्सर परवाना असलेली कंपनी आणि साधारण ४१,७०० पौंड पगार लागतो. नुकत्याच पदवीधर झालेल्यांना ३३,४०० पौंडांची सवलत आहे, तरी त्या पदाच्या ठरलेल्या दराचे ७० टक्के त्याहून जास्त होत असतील तर ते बघितले जातात. एका वर्षात मास्टर्स उरकतं हे आकर्षण खरं, पण मग नोकरीचा शोध पहिल्या सत्रातच सुरू करावा लागतो.

जर्मनी

दीड वर्षाची मुदत, त्यात पोटापाण्यासाठी कुठलंही काम चालतं. शिक्षणाला साजेशी नोकरी मिळाली की परवाना बदलून घ्यायचा, लॉटरी नाही. २०२६ मध्ये ब्लू कार्डाला, म्हणजे उच्चशिक्षितांच्या कामाच्या परवान्याला, वर्षाला ५०,७०० युरो पगार लागतो, डिग्रीला तीन वर्षं झाली नसतील तर ४५,९३४.२० युरो. तिथेच शिकलेल्यांना अशी दोन वर्षं नोकरी, पेन्शनचा भरणा आणि बी१ (मध्यम) पातळीचं जर्मन यांवर कायमचा वास्तव्य परवाना मिळू शकतो. चौघांत ही वाट मला सगळ्यांत सरळ वाटते. मास्टर्स इंग्रजीत होतं, नोकऱ्या मात्र बहुतेक ठिकाणी जर्मन मागतात. भाषा शिकायची तयारी नसेल तर हा सरळपणा कामाचा नाही.

ऑस्ट्रेलियाचं नाव यादीत असेल तर आधी वय बघा. जुलै २०२४ पासून डिग्रीनंतर कामासाठीच्या ४८५ व्हिसासाठी बहुतेकांना ३५ ची मर्यादा आहे.

डिपॉझिट भरण्याआधी दोन गोष्टी प्रवेश कार्यालयाकडून लेखी मागवून घ्या. अमेरिकेसाठी कोर्सचा सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा वर्गीकरण क्रमांक, कारण स्टेम की नाही हे कोर्सच्या नावावर ठरत नाही. त्याच नावाचा कोर्स एका विद्यापीठात स्टेम असतो, शेजारच्या विद्यापीठात नसतो. कॅनडासाठी, हा कोर्स पीजीडब्ल्यूपीला पात्र आहे का आणि वर्ग नेमके कुणाच्या कॅम्पसवर भरतात. सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम खासगी भागीदाराकडे शिकवला जात असेल, तर मे २०२४ च्या मध्यापासून तिथे नव्याने सुरुवात करणाऱ्यांना हे परमिट मिळत नाही. एजंट तोंडी काहीही सांगो, ईमेलवर उत्तर येईपर्यंत पैसे भरू नका.