टोफूचा साचा: दाबायला चांगला, चवीची खटपट वेगळी

भांडी बाजारात पनीरसाठी म्हणून मिळणारा स्प्रिंगच्या झाकणाचा साचा टोफूलाही, म्हणजे सोयाबीनच्या दुधाच्या पनीरलाही, चालतो. आत भोकांचा डबा, बाहेर पाणी धरणारा डबा. अर्धा किलोचा पुरतो. विकतचाच टोफू आणणार असाल तर मात्र याची गरज नाही, ताटली ठेवून वर दोन किलोचं वजन दिलं तरी भागतं.

घरी करायचा तर पाव किलो सोयाबीन आठ तास भिजवा. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात फ्रिजमध्येच, नाहीतर पाण्याला आंबूस वास येतो. एकूण दोन लिटर पाण्यात वाटून मलमलीतून गाळा. दूध तापवताना उकळी यायच्या आधीच फेस भसकन वर येतो. ती उकळी समजून गॅस बंद केला की कच्चट वास राहतो. मोठं पातेलं घ्या आणि खरी उकळी आल्यावर तळ ढवळत दहा मिनिटं शिजवा. पाच मिनिटं निवू द्या. मग दूध फाटण्यासाठी खाण्याच्या दर्जाचं एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) दोन छोटे चमचे, कपभर पाण्यात विरघळवून, तीन वेळा थोडं थोडं घाला. जोरात ढवळलंत तर टोफूचा भुगा होतो. लिंबूही चालतं, पण टोफूत आंबटपणा उतरतो. पाणी पिवळसर नितळ दिसलं की झालं. दुधाळ असेल तर आणखी थोडं मिश्रण घाला.

साच्यात आधी मलमल अंथरा, मग फाटलेलं दूध ओता. दहा मिनिटं हलका दाब, मग वीस मिनिटं जोराचा. पहिल्यापासून घट्ट आवळलं तर मऊ गोळा भोकांतून बाहेर येतो. टोफू बसत जाईल तशी स्प्रिंग सैल पडते, म्हणून मधेच पुन्हा आवळावी लागते. हाच या साच्याचा खरा दोष.

आता चव. तेलातला मसाला कितीही चोळा, आत जात नाही, कारण आत पाणीच भरलेलं असतं. अर्धा लिटर उकळत्या पाण्यात दीड छोटा चमचा मीठ घालून तुकडे पंधरा मिनिटं बुडवा, पुसा, कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवा. लोखंडी तव्यावर एक बाजू तांबूस होईपर्यंत उलटू नका. काळा मसाला अगदी शेवटी, गॅस मंद करून, चमचाभर पाण्यासोबत घाला; तो आधीच भाजलेला असतो, तापल्या तव्यावर लगेच कडू होतो. मिसळीच्या रश्श्यात घालायचे तर असे परतलेले तुकडे वाढायच्या पाच मिनिटं आधी सोडा.

साच्याचे कोपरे ब्रशने लगेच घासा आणि स्प्रिंग पुसून ठेवा, गंज तिथूनच धरतो.