आठ महिने, चार जेवणं आणि एक थंड प्लेट

गेल्या शनिवारी त्या फ्रेंच-जपानी रेस्तराँत चौथ्यांदा जेवून आलो आणि घरी आल्या आल्या लिहायला बसले. फ्रेंच-जपानी जेवण कशाला म्हणतात, टेस्टिंग मेनू, म्हणजे एकामागून एक येणारे छोटे छोटे कोर्स, किती लांबतो, बुकिंग किती आधी करावं लागतं, हे वाचणाऱ्यांना माहीत आहे असं धरते. मला लिहायचंय ते प्लेटबद्दल. माशाच्या कोर्सची प्लेट थंड येते. चारपैकी तीन वेळा थंड आली, आणि एवढे पैसे मोजल्यावर ही गोष्ट मी सोडून देणार नाही.

कोळशावर भाजलेला हॅलिबट, कातडी कुरकुरीत, आणि त्याखाली पांढरी मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट) घातलेला बर ब्लाँ, म्हणजे लोण्याचा फ्रेंच सॉस. ज्यांनी हा सॉस घरी केलाय त्यांना त्याचा नाजूकपणा ठाऊक असेल. वाइन, व्हिनेगर आणि शॅलट (छोटे कांदे) आटवायचे आणि त्यात गार लोण्याचे तुकडे एकेक करून घोटत जायचं. अंडं नाही, मैदा नाही. साधारण ५८ अंशांच्या वर गेला की लोणी सुटतं, ३० अंशांच्या आसपास उतरला की गोठायला लागतं. म्हणजे स्वयंपाकघरातून टेबलापर्यंत सॉस जपायचं काम प्लेटचं. आणि इथली प्लेट जाड, हाताने घडवलेल्या दगडी मातीची. दिसायला फार देखणी, पण गार असली की सॉसची सगळी ऊब शोषून घेते. पहिल्याच वेळी तिसऱ्या घासाला कडेने साय धरली होती. चमच्याने ओढली तर खाली लोण्याचे बारीक कण दिसले. मासा अजून गरम होता, त्यामुळे जास्तच हळहळ वाटली.

त्या दिवशी बाकी सगळं उत्तम होतं, हेही सांगायला हवं. चावानमुशी, म्हणजे वाफवलेलं अंड्याचं तिखट-गोड नसलेलं मऊ कस्टर्ड, तर मी अजून विसरले नाही. एक भाग अंडं, तीन भाग दाशी (जपानी स्वयंपाकातलं पातळ सार), एवढाच ऐवज. वाफ जरा जोरात झाली की आत जाळी पडते, इथे एक छिद्र नव्हतं. चमचा घातला तेव्हा कापल्याची खूणसुद्धा दिसली नाही, नुसता थरथरला तो पृष्ठभाग. बिलात मात्र दुसऱ्यांदा मागितलेल्या ब्रेडचे वेगळे पैसे लावले होते. सॉस निपटायला ब्रेड लागणारच, मग तो आधी सांगून द्यावा. हे मी त्यांना सांगितलं. पुढच्या वेळेपासून लावले नाहीत.

दुसऱ्या वेळी नणंद बरोबर होती. ती मासे खात नाही, बुकिंग करतानाच तसं कळवलं होतं. मशरूमचं सूप आलं. तिने एक घोट घेतला आणि थांबली. "वहिनी, याला धुराचा वास येतोय."

वेटर म्हणाला, "मॅडम, पूर्ण मशरूमचंच आहे." मी म्हटलं, "आत जाऊन विचारून या." तो आत गेला आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आला. खालची दाशी कात्सुओबुशीची होती, म्हणजे धुरावलेल्या, वाळवलेल्या बोनिटो माशाची. जपानी पद्धतीच्या स्वयंपाकघरात दाशी पाण्यासारखी सगळीकडे वापरतात, म्हणून तर विचारणं हे त्यांचं काम. माझा आवाज चढला, त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. नणंद बिचारी "जाऊ दे ना" म्हणत होती.

दहा मिनिटांत झाकणाचा एक वाडगा आला. कोंबु (वाळवलेलं समुद्री शेवाळ) आणि वाळवलेल्या शिताके मशरूमची दाशी. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदांनी १९०८ मध्ये कोंबूच्या रसातून ग्लुटामेट हे चवीचं द्रव्य वेगळं केलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. वाळवलेल्या शिताकेत ग्वानिलेट हे तसंच दुसरं द्रव्य असतं. दोन्ही एकत्र आली की चव बेरजेपेक्षा कितीतरी जास्त चढते. पुस्तकात वाचलेलं त्या दिवशी जिभेवर आलं. मासा नाही, लोणी नाही, आणि तरी घशाखाली उतरल्यावर चव मागे रेंगाळत होती. नणंदेने वाडगा दोन्ही हातांत धरून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. पण शिताके नीट उतरायला रात्रभर गार पाण्यात भिजवतात. म्हणजे ही दाशी आत तयार होती. मग आधीच का दिली नाही? याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

त्याच वाडग्यामुळे मला प्लेटचं कोडं उलगडलं. झाकण काढलं तेव्हा वाफ चेहऱ्यावर आली. जपानी भांडं ऊब धरून ठेवायला झाकण वापरतं. फ्रेंच स्वयंपाकघर त्यासाठी प्लेट गरम करतं. इथे फ्रेंच सॉस जपानी थाळीवर घातला आणि झाकणही गेलं, प्लेट गरम करणंही गेलं. या दोन स्वयंपाकांची ओळख जुनी आहे. प्रसिद्ध फ्रेंच शेफ पॉल बोक्यूस १९७० च्या दशकात जपानमधल्या ओसाकाला शिझुओ त्सुजींच्या पाकशाळेत शिकवायला गेले होते, आणि २०२० मध्ये केई कोबायाशी फ्रान्समध्ये तीन मिशलिन तारे (रेस्तराँचा सर्वोच्च दर्जा) मिळवणारे पहिले जपानी शेफ ठरले. इतक्या वर्षांच्या देवाणघेवाणीत प्लेट गरम करणं निसटावं हे मला पटत नाही.

मॅनेजरला तेव्हाच बोलले. ते म्हणाले, "हाताने केलेली भांडी आहेत, ओव्हनमध्ये तडकतात." मी म्हटलं, "मग गरम पाण्यात ठेवा आणि पुसून घ्या." त्यांनी लिहून घेतलं.

तिसऱ्या वेळी प्लेट गरम होती! बोट लावून बघितलं, हात ठेवता येईल इतपत ऊब होती. सॉस शेवटच्या घासापर्यंत क्रीमसारखा सैल राहिला आणि मिसोचा खारटपणा लोण्यातून हळूहळू वर येत गेला. आधी तो नुसताच खारट लागायचा. त्या रात्री नवऱ्याला म्हटलं, "माझं मत बदललं, हे पैसे वसूल आहेत." सांशो ही जपानी मिरी लावलेलं बदकही त्या दिवशी जास्त चांगलं लागलं. डेझर्टबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. काळ्या तिळाचं आइस्क्रीम चारही वेळा तेच होतं.

आणि शनिवारी पुन्हा गार. मी विचारलं, तर नवा वेटर म्हणाला, "मासा परत गरम करून आणू का?" मासा नाही हो, प्लेट! परत गरम केला तर सॉस फुटणार. त्याला यातलं कोणी काही सांगितलेलंच नव्हतं. म्हणजे तिसऱ्या वेळी जे झालं ते कोणा एकाच्या लक्षात होतं म्हणून झालं, पद्धत म्हणून नाही. एका दिवसाची मेहरबानी चालत नाही, रोज व्हायला हवं. शेफच्या हाताला तोड नाही, चावानमुशी अजूनही तशीच थरथरते, म्हणूनच एवढं पोटतिडकीने लिहितेय.

जाणार असाल तर काउंटरची जागा मागा, तिथे शेफ प्लेट स्वतः पुढ्यात ठेवतात आणि मधला वेळ वाचतो. मासे खात नसाल तर "दाशी कशाची?" हे प्रत्येक कोर्सला विचारा. पाचव्या वेळेसाठी मी पुढच्या महिन्यातली काउंटरची दोघांची जागा घेतली आहे. बुकिंगमध्ये सूचना लिहायला जागा होती, तिथे लिहिलंय: माशाची प्लेट गरम पाण्यातून काढून द्यावी.