फोटो की सिनेमाची चौकट?

सिनेमा सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे स्थिर चित्रं (फ्रेम्स), दाखवतो. मग त्यातली कुठलीही थांबवली की देखणा फोटो मिळायला हवा, पण तसं क्वचितच होतं. सिनेमाची चौकट साधारण १/४८ सेकंद उजेड घेते, त्यामुळे हलणारा हात पुसट उमटतो. पडद्यावर हाच पुसटपणा हालचाल सलग भासवतो. फोटोग्राफर मात्र १/५०० सेकंदात उडी हवेतच गोठवतो.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो वेळेवरचा ताबा. फोटोसमोर मी हवं तितकं रेंगाळतो, कोपऱ्यातल्या सावलीकडे पुन्हा वळतो. सिनेमात तो ताबा दिग्दर्शकाकडे असतो, आणि जाणत्या दिग्दर्शकाकडे तो सोपवण्यात विलक्षण सुख आहे. फ्रेंच दिग्दर्शक क्रिस मार्करने १९६२ चा 'ला जेते' हा लघुपट जवळजवळ संपूर्ण स्थिर छायाचित्रांतून रचला. त्यात एकदाच एक स्त्री डोळे उघडते, पापण्या हलतात. कित्येक पाठलागांपेक्षा मला ते थरारक वाटतं!

चेहऱ्यांसाठी मी सिनेमाच निवडेन. डोळ्यांत विचार उगवताना दिसायला अवधी लागतो. जुन्या भिंती, ओस इमारती मात्र फोटोतच बघाव्यात. तिथे कॅमेरा फिरू लागला की माझं लक्ष भिंतीवरून उडतं.